कमी पंपिंगचं हृदय आणि नॉर्डिक वॉकिंग: या चुका टाळा

नागपुरात अजनीच्या रेल्वे कॉलनीत उभी हयात काढलेले एक काका माझ्याकडे फिजिओथेरपीला आले, तेव्हा त्यांच्या टू-डी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पंपिंग ३० टक्के लिहिलेलं होतं. म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातलं तीस टक्केच रक्त बाहेर ढकललं जात होतं. मुलाने पुण्याहून नॉर्डिक वॉकिंगच्या काठ्या पाठवल्या होत्या. मैदानावर आल्या आल्या त्यांनी दोन्ही काठ्या पावलांच्या पुढे रोवल्या, त्यांच्यावर भार टाकला आणि मला विचारलं, "ताई, एक काठी पुरत होती, पोरगा दोन काऊन देऊन राहिला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. ही काठी टेकायची नाही, मागे ढकलायची आहे. फिनलंडमध्ये बर्फावर स्कीइंग करणारे खेळाडू उन्हाळ्यात काठ्या घेऊन चालत सराव करायचे, त्यातून ही चाल आली. १९९७ च्या सुमारास खास तिच्यासाठी बनवलेल्या काठ्या विकायला आल्या. हात, खांदे आणि पाठही कामाला लागल्यामुळे त्याच वेगाच्या साध्या चालीपेक्षा शरीर साधारण २० टक्के जास्त ऑक्सिजन वापरतं, पण तेवढे जास्त कष्ट चालणाऱ्याला जाणवत नाहीत. हृदयरोग्याला फायदा होतो तो यामुळे, आणि जपायचं असतं तेही याचमुळे. हृदयावर पडलेलं काम मनाला कळत नाही, म्हणून ते दुसऱ्या मार्गाने मोजावं लागतं.

‘फेल’ या शब्दाला घाबरून बसून राहणं

कमी पंपिंगच्या या दुखण्याला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नव्हे. शरीराला लागतं तेवढं रक्त ते पुरवू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण घरचे ‘फेल’ ऐकतात आणि माणसाला पलंगावरून उठू देत नाहीत. मग मांड्यांचे स्नायू आटतात आणि संडासला जाऊन येईतो धाप लागते. तब्येत स्थिर झाल्यावर बेताचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. पोलंडमध्ये ८५० हार्ट फेल्युअर रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. एक आठवडा रुग्णालयात आणि आठ आठवडे घरी दूरदेखरेखीखाली व्यायाम, त्यात नॉर्डिक वॉकिंग होतं. मृत्यू किंवा रुग्णालयातले दिवस त्याने कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं. पण दमसास वाढला आणि जगणं सुसह्य झालं. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे. स्वतःच्या पायांनी भाजी आणता येणं काय असतं, हे ज्याचं ते बंद झालंय त्याला विचारा.

काठीची उंची आणि पकड

ट्रेकिंगच्या काठ्या घेऊ नका. नॉर्डिकच्या काठीला अर्ध्या हातमोज्यासारखा पट्टा असतो, आणि सगळी गंमत त्या पट्ट्यातच आहे. उंचीला ०.६८ ने गुणा. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाला साधारण ११२ ची काठी लागते. चपला-बूट घालून काठी उभी धरली की कोपर काटकोनात यायला हवं. नवख्याला दोन-तीन सेंटीमीटर आखूड चालते. लांब काठीने खांदे कानाशी जातात आणि संध्याकाळी मान धरते.

डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी बूट लावायचा, त्याचा चोच असलेला भाग मागच्या बाजूला. उलटा लागला की काठी अडखळते आणि माणूस म्हणतो, "या काठ्याच बेकार आहेत."

पकडीची चूक जास्त गंभीर. मूठ आवळून चाललात तर बोटांना मुंग्या येतात, शिवाय मूठ दाबून धरली की रक्तदाब चढतो. हात मागे गेला की मूठ उघडा, काठी पट्ट्यावर लोंबू द्या. पुढे येताना ती आपसूक हातात येते.

उजवा पाय, उजवा हात

काठ्या हातात आल्या की चांगला चालणारा माणूसही गोंधळतो आणि एकाच बाजूचा हात-पाय पुढे टाकतो. समजावून सांगत बसलं तर गोंधळ वाढतो. त्या काकांना मी सांगितलं, काठ्या विसरा, पट्ट्यात हात घाला आणि काठ्या मागे फरफटत नेत सरळ चालत या. तीस-चाळीस पावलांत हात आपोआप पायांच्या उलट हलायला लागले. मग काठीचं टोक जमिनीत अडकतं तेव्हा तिथून हलकेच मागे ढकला, एवढंच सांगितलं. टोक कायम शरीराच्या मागे तिरपं पडायला हवं. पुढे पडलं की काठी ब्रेक बनते.

घड्याळातल्या ठोक्यांवर विश्वास ठेवणं

हे जरा नीट वाचा. जास्तीत जास्त ठोके किती, हे काढायचं २२० वजा वय हे सूत्र तुमच्यासाठी नाही. तुमच्या पुडक्यात बहुधा बीटा ब्लॉकर आहे. ती गोळी ठोके मुद्दाम आवरून धरते, त्यामुळे घड्याळ ९० दाखवत असतं आणि शरीर मात्र थकलेलं असतं. ठोके अनियमित असतील तर मनगटावरचा आकडा आणखीच बेभरवशाचा. त्याऐवजी श्वास ऐका. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. दोन शब्दांत दम तुटला तर वेग जास्त झाला. आम्ही ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टी वापरतो, त्यात ११ ते १३ वर राहायचं, म्हणजे ‘हलकं’ ते ‘थोडं कष्टाचं’ यांच्या मधे.

दुसरी कसोटी उद्याची. मी सुरुवातीला एका मावशींना त्या उत्साहात होत्या म्हणून पाच मिनिटं जास्त चालू दिलं. मैदानावर काहीच त्रास नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, काल चालल्यावर आज कसं वाटतंय?

पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा, दमलात तर दोन तुकड्यांत. आधी वेळ वाढवा, वेग नंतर. हळूहळू आठवड्यातून तीन ते पाच दिवस अर्धा तास. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं रमतगमत. एकदम थांबलात तर रक्त पायांतच साचतं आणि गरगरतं. जागा सपाट निवडा. सेमिनरी हिल्सची झाडी छान आहे, पण तिथला चढ पहिल्या महिन्यात नको.

नागपूरचं ऊन, इलेक्ट्रॉलची पुडी आणि तर्री

एप्रिलपासून इथे सकाळी आठलाच ऊन चटके देतं, मे महिन्यात पारा ४५ च्या पार जातो. लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाचं पाणी आधीच कमी होत असतं, घाम त्यात भर घालतो आणि रक्तदाब पडतो. या दिवसांत साडेसहाच्या आत चालून या, नाहीतर इमारतीच्या पार्किंगमध्ये सावलीत चाला. डिसेंबरच्या गारठ्यात उलटं करा. पहाटेची थंडी रक्तवाहिन्या आवळते, ऊन अंगावर येऊ द्या, कान झाका, मग निघा.

उन्हातून आलेल्याला प्रेमाने इलेक्ट्रॉल किंवा मीठ घातलेलं पन्हं देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हार्ट फेल्युअरमध्ये ते मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. दिवसाला पाणी किती आणि मीठ किती, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. आणि चालून झाल्यावर चौकात तर्री पोहे, सोबत शेव-मिरची, हा बेत वाईट आहे. मला तो तोडायला सांगताना जिवावर येतं, पण सांगावं लागतं.

वजनकाटा न बघता निघणं

सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्या दिवशी काठ्या कोपऱ्यात राहू द्या आणि डॉक्टरांना फोन करा. घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो, रात्री दोन उशा लागायला लागल्या, बसल्या जागी धाप लागते, ताप आहे, अशा दिवशीही चालायचं नाही. चालताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत धडधड सुरू झाली तर तिथेच बसा. बसूनही थांबलं नाही तर १०८ लावा. खिशात गोळ्यांची यादी असू द्या, आणि पहिले काही आठवडे एकट्याने जाऊ नका.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी आणि सहा मिनिटांची चालण्याची चाचणी हवीच. पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलं असेल तर दोन गोष्टी विचारून घ्या: हात पूर्ण हलवायला कधीपासून मोकळीक, आणि यंत्र किती ठोक्यांवर जागं होतं. व्यायामात त्या आकड्याच्या बऱ्यापैकी खालीच राहायचं असतं.

रबर काय सांगतं

काठी घसरायला लागली, रस्त्यावर टकटक वाजायला लागली की रबर झिजलं समजा. फेकण्याआधी दोन्ही बूट शेजारी ठेवून बघा. काकांचे बूट दिवाळीच्या आधी बदलले, तेव्हा उजवा पार गुळगुळीत झाला होता आणि डाव्यावरच्या रेघाही शाबूत होत्या. त्यांचं यंत्र डाव्या खांद्याखाली होतं. जखम कधीच भरली होती, डॉक्टरांनी मोकळीक देऊनही दीड वर्ष झालं होतं, तरी डावा हात नुसता काठी वाहत होता. विचारलं तर म्हणाले, "तार निघंल अशी भीती वाटते ना ताई." मी त्यांच्या एक्स-रेवर यंत्रापासून हृदयापर्यंतची तार कुठून कुठे जाते ते दाखवलं. मग उजवी काठी मी माझ्याकडे घेतली आणि मैदानाची एक फेरी फक्त डाव्या हाताने ढकलत मारायला लावली.