भर हिवाळ्यात फुलणारे विच हेझेल कसे लावावे

विच हेझेल हे झुडूप लावण्याआधी फुले नेमकी केव्हा हवीत हे ठरवावे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील व्हर्जिनियाना ही जात पानगळीच्या सुमारास, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फुलते. कडाक्याच्या थंडीत, जानेवारी ते मार्चमध्ये फुले हवी असल्यास मॉलिस ही चिनी जात किंवा चिनी-जपानी संकरातील वाण निवडावेत.

फूल लहान असते, म्हणून जागेला महत्त्व आहे. चुरगळलेल्या फितीसारख्या चार अरुंद पाकळ्या मागे गडद सदाहरित झाडी असली आणि कलते ऊन त्यांच्यातून येत असले, तरच उठून दिसतात. निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी जमीन या झाडाला मानवते. मुळे वरच्या थरात पसरत असल्याने बुंध्याभोवती खणू नये, पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. संकरित झाडे बहुधा व्हर्जिनियानाच्या खुंटावर कलम केलेली असतात. जोडाखालून येणारे धुमारे वेळीच काढले नाहीत, तर काही वर्षांत खुंटच वर बांधलेल्या वाणावर मात करतो. छाटणी फुले सरताच उरकावी, कारण पुढच्या हंगामाच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात.

कडक थंडी पडली की पाकळ्या गुंडाळल्या जातात आणि ऊब मिळताच पुन्हा उलगडतात. त्यामुळे सकाळी मलूल दिसणारे झाड गेले असे समजू नये. व्हर्जिनियानावर फुलांबरोबरच गेल्या वर्षीची फळेही दिसतात. ती वाळली की तडकतात आणि दोन चकचकीत काळ्या बिया कित्येक मीटर दूर उडवतात. बी गोळा करायचे असेल तर फळांना आधीच मलमलची पुरचुंडी बांधावी. रुजायला दोन हिवाळेही लागू शकतात.

नावातील ‘विच’चा चेटकिणीशी संबंध नाही, लवचीक या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून ते आले आहे. चेटकाची छटा पुढे चिकटली, आणि तिला पाणाड्यांनी खतपाणी घातले: भूगर्भातील पाणी शोधण्यासाठी ते याच झाडाची दुबेळकी फांदी दोन्ही हातांत धरून चालत आणि ती झुकेल तेथे विहीर खणायला सांगत. माझा त्यावर विश्वास नाही, तरीही कळ्यांनी भरलेली एखादी दुबेळकी फांदी हिवाळ्यात मी अवश्य कापतो. घरात पाण्याच्या बरणीत ठेवली की खोलीच्या उबेने पाकळ्या सुटू लागतात, आणि बाहेरच्या गारठ्यात जेमतेम जाणवणारा सुगंध दारापर्यंत येतो.