हीटर प्लग बदलण्यापूर्वीची तयारी

पौषातल्या गारठ्यात पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत असेल, इंजिन चालू झाल्यावर मिनिटभर थरथरत असेल आणि मागून पांढरा धूर निघत असेल, तर डिझेल गाडीच्या हीटर प्लगांवर, म्हणजेच थंड इंजिन चालू होताना सिलिंडरमधील हवा तापवणाऱ्या ग्लो प्लगांवर, संशय घ्यावा. हे काम घरच्या अंगणात होऊ शकते. मात्र गळीत हंगामात गाडी उभी ठेवणे परवडत नसल्याने तयारी आदल्या दिवशीच पूर्ण झालेली असावी.

आपल्या इंजिनाला हे प्लग आहेत का, हे आधी पाहावे, कारण बऱ्याच मोठ्या ट्रकना ते नसतात. असल्यास वायर काढून मल्टिमीटरने प्लगचे टोक आणि इंजिनचा धातू यांमधील रोध मोजावा. धातूचा (सिरॅमिक नसलेला) चांगला प्लग थंड असताना साधारण 0.5 ते 2 ओहम दाखवतो, तर जळालेल्यातून प्रवाहच जात नसल्याने मीटर आकडा दाखवत नाही. सगळे प्लग ठीक निघाले, तर आधी रिले (प्लगांना वीज सोडणारा स्विच) व फ्यूज तपासावेत. नवे प्लग जुन्यावरचा क्रमांक आणि व्होल्ट जुळवूनच घ्यावेत. बॅटरी 12 व्होल्टची असली तरी काही प्लग त्याहून कमी व्होल्टचे असतात. ते थेट बॅटरीला लावून लाल होतात का, हे पाहू नये.

खरी जोखीम जुना प्लग काढताना असते. एका गॅरेजमध्ये घाईने पान्याला पाइप लावून जोर दिलेला मी पाहिला आहे. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, वरचा तुकडा सॉकेटमध्ये आला आणि खालचा इंजिनाच्या हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातच, राहिला. हेड उतरवून उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, न्यावे लागले. म्हणूनच आदल्या संध्याकाळी प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडावे आणि ते रात्रभर मुरू द्यावे. सकाळी इंजिन चांगले तापवून बंद करावे, बॅटरीची ऋण तार काढावी आणि हातमोजे घालून, लांब सॉकेट सरळ बसवूनच पाना फिरवावा. 8 मिलिमीटर आट्यांच्या प्लगला सुमारे 20 आणि 10 मिलिमीटरच्या प्लगला 35 न्यूटन मीटरपेक्षा जास्त जोर लावू नये. त्या जोरात तो सुटला नाही, तर पुन्हा तेल सोडून थांबावे. किंचित सैल होताच पुढे-मागे फिरवत काढावा.

प्लगच्या भोकात साचलेली काजळी काढण्यासाठी योग्य मापाचा रीमर (भोक खरवडून साफ करणारे हत्यार) आणि काजळी त्याला चिकटून यावी म्हणून ग्रीस, तसेच कमी जोर मोजणारा टॉर्क पाना जवळ असावा. नवा प्लग आधी बोटांनी बसवावा. 8 मिलिमीटरचा साधारण 10 आणि 10 मिलिमीटरचा 15 न्यूटन मीटरपर्यंत आवळतात, तरी गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. तुटलेला प्लग काढून देणाऱ्या उद्यमनगरातील कारागिराशी मात्र आदल्या दिवशीच बोलून ठेवावे.