सोसायटीचं बँक स्टेटमेंट सॉफ्टवेअरमध्ये चढवताना काय काय बघायचं

एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, जो गप्प बसलेला असतो त्याच्या गळ्यात खजिनदारकीची माळ पडते, माझंही तसंच झालं. ८४ फ्लॅट, त्यातले निम्म्याहून जास्त यूपीआयने भरणारे, म्हणजे महिन्याला शंभरेक ओळी. पहिले काही महिने मी स्टेटमेंट समोर ठेवून एकेक पावती हाताने टाकली, मग कळलं की आपल्या सोसायटीच्या सॉफ्टवेअरमध्ये बँक इम्पोर्ट, म्हणजे स्टेटमेंटची फाइल थेट आत घ्यायची सोय, असतं आणि ते कोणी वापरतच नव्हतं. इम्पोर्टला पाच मिनिटं लागतात हे खरं आहे, पण फाइल चुकीची चढली तर ती उतरवायला रविवार जातो, म्हणून सगळं काम फाइल चढवायच्या आधीचं आहे.

नेटबँकिंगमधून पीडीएफ नका घेऊ, सीएसव्ही (स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) किंवा एक्सेल घ्या. काही सहकारी बँका पीडीएफच देतात, तिथे शाखेत अर्ज देऊन एक्सेल मिळते का विचारायचं. आणि डाउनलोड केलेली मूळ फाइल तशीच ठेवायची, तिची कॉपी करून कॉपीवरच काम करायचं.

आता एक्सेलची भानगड. सीएसव्हीवर डबल क्लिक करून उघडली की एक्सेल आपल्या डोक्याने बदल करतं. यूपीआयचा रेफरन्स नंबर १२ आकडी असतो, तो ४.१२ई+११ असा दिसायला लागतो, आणि तशीच परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की पुढचे आकडे गेले ते गेलेच. चेक नंबर ०००१२३ असेल तर उरतो नुसता १२३, मग सॉफ्टवेअरला तो चेक सापडत नाही. म्हणून डबल क्लिक नाही, रिकामी शीट उघडून डेटा टॅबमधून फाइल आत घ्यायची आणि तारीख, रेफरन्स नंबर, चेक नंबर या तिन्ही कॉलमचा टाइप टेक्स्ट करायचा.

तारखेचं तर मी स्वतः भोगलंय. मुलाच्या लॅपटॉपवर अमेरिकन सेटिंग होतं, आधी महिना मग तारीख, माझ्या लक्षात आलं नाही आणि मी एप्रिलची फाइल एक्सेलमध्ये सेव्ह करून चढवली. १ एप्रिलची जमा गेली ४ जानेवारीला, २ ची ४ फेब्रुवारीला, ३ ची ४ मार्चला, म्हणजे सरळ मागच्या आर्थिक वर्षात, आणि ते वर्ष तेव्हा ऑडिटरकडे होतं! १३ तारखेपासून पुढच्या ओळी मात्र एररमध्ये अडकल्या कारण तेरावा महिना नसतोच, आणि त्यामुळेच हे कळलं. तेव्हा १३ नंतरच्याच ओळी अडकत असतील तर समजायचं की तारीख-महिना उलटलाय. आणि मागचं वर्ष सॉफ्टवेअरमध्ये लॉक करून टाका, मी केलं असतं तर वाचलो असतो.

फाइलच्या वरच्या ओळी, म्हणजे खातेदाराचं नाव, पत्ता, आयएफएससी वगैरे, आणि खाली ‘संगणकीकृत आहे, सहीची गरज नाही’ छापाचं जे काही असतं ते उडवायचं. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं. रकमेतले स्वल्पविराम रिप्लेसने काढा, १,२५,००० मधला पहिला १ च रक्कम म्हणून घेणारी सॉफ्टवेअरं आहेत.

मग मॅपिंग, म्हणजे फाइलमधला कुठला कॉलम सॉफ्टवेअरमध्ये कुठे जायचा ते जोडणं. बँकेचं क्रेडिट म्हणजे आपल्याकडे जमा, पण आपल्या वहीत त्याच वेळी बँक खातं डेबिट होतं, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. डिपॉझिट कॉलम पावतीला आणि विथड्रॉवल कॉलम पेमेंटला जोडा, पाच ओळींची छोटी फाइल करून आधी तीच चढवून बघा. तारखांच्या दोन कॉलमांपैकी (व्यवहाराची तारीख आणि व्हॅल्यू डेट) कुठली घ्यायची हे एकदा ठरवा आणि बदलू नका, कारण थकबाकीवरचं व्याज पैसे जमा झाल्याच्या तारखेवरून निघतं, आणि तारीख इकडची तिकडे झाली की मेंबर बिल घेऊन दारात.

खरा वेळ जातो तो कोणाचे पैसे हे शोधण्यात. पाटील आमच्याकडे चार. भाडेकरू स्वतःच्या खात्यातून भरतो, एकाचा मुलगा बंगळुरूहून भरतो, आणि रिमार्कमध्ये लोक लिहितात काय तर ‘ओके’. नावावरून नियम बनवू नका, पैसे पाठवणाऱ्याच्या यूपीआय आयडीवरून बनवा, तो फ्लॅटला एकदा जोडला की पुढच्या महिन्यापासून आपोआप बसतो. ज्याचा पत्ताच लागत नाही ते सस्पेन्समध्ये (मालक सापडेपर्यंत पैसे ठेवायचं तात्पुरतं खातं) टाका, अंदाजाने कोणाच्या नावावर नाही.

हाताने आधीच पावती फाडलेल्या चेकची ओळ आली की नवीन एंट्री करायची नाही, जुनीशी मॅच करायची, नाहीतर मेंबरचे पैसे दोनदा जमा. चेक परत आला तर जमा आणि नावे (म्हणजे खात्यातून वजा) अशा दोन ओळी दिसतात, ‘हिशेब शून्यच होतोय’ म्हणून दोन्ही उडवू नका, पावती रद्द झाली पाहिजे आणि बँकेचा दंड त्या फ्लॅटला लागला पाहिजे. सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची) एफडी केली तर तो खर्च नाही, ट्रान्सफर आहे. बचत खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे हलवले की तीच रक्कम दोन्ही बँकांच्या फाइलमध्ये येते, नोंद एकदाच. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे मेंबरांचे ऑनलाइन पैसे आपल्यासाठी गोळा करणाऱ्या कंपन्या, सगळ्यांचे मिळून एकच आकडा पाठवतात, तोही चार्जेस कापून, त्याचा रिपोर्ट वेगळा उतरवून फ्लॅटप्रमाणे फोडावा लागतो.

१ ते ३०, पुढच्या वेळी १ ते ३१, असे सलग आणि एकमेकांवर न चढणारे तारखांचे तुकडेच घ्या, एकच दिवस दोनदा आला की डबल. आणि फायनल करण्याआधी एकच हिशेब करा: सुरुवातीची शिल्लक अधिक जमा वजा नावे. स्टेटमेंटच्या शेवटच्या शिलकीशी ते पैशापर्यंत जुळलं तरच बटण दाबा. एक रुपया जरी कमी-जास्त आला तर ती बॅच पूर्ण डिलीट करून फाइल परत तपासायची, वर जर्नल एंट्री (हाताने टाकलेली जुळवाजुळवीची नोंद) टाकून जुळवायला गेलात तर तो रुपया ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या एजीएमला कोणीतरी बरोबर शोधून काढतं, बहुतेक त्या चार पाटलांतलाच एखादा.