वायर फीड वेल्डिंग मशीनची खोड कशी ओळखावी

नवं किंवा जुनं मिग (म्हणजे वायर फीड) मशीन हातात आलं की लगेच जॉबवर चढवू नका. तासभर भंगार पत्र्यावर चालवून बघा.

बाजूच्या पाटीवरचा अँपिअरचा मोठा आकडा आधी सोडून द्या. त्याच्या शेजारी ड्यूटी सायकल लिहिलेली असते, ती वाचा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दर १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग आणि ४ मिनिटं विश्रांती. तुमचं रोजचं काम ज्या करंटवर चालतं, तिथला टक्का पाहा.

यानंतर आर्क (वायर आणि पत्रा यांच्यातली वेल्डिंगची ज्योत) न पेटवता फक्त वायर तपासा. माझ्या मते अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच सापडतात. रोलरची खाच वायरच्या मापाचीच हवी; ०.८ मिमीच्या वायरला ०.८ ची. अर्थ क्लॅम्प (जॉबला लावायचा चिमटा) काढून ठेवा, हातमोजे घाला आणि टॉर्च (वायर बाहेर सोडणारी वेल्डिंगची बंदूक) तिरकी धरून वायर लाकडाच्या ठोकळ्यावर सोडा. वायर न अडखळता वळून तिचा वेटोळा झाला पाहिजे. रोलर घसरला तर दाब थोडा वाढवा. दाब जास्त झाला की वायर चपटी होते आणि रोलरखाली तांब्याचा बारीक कीस साचतो. स्विच सोडल्यावर रीळ फिरतच राहिलं तर ब्रेक ढिला आहे, वायरचा गुंता ठरलेला. आता टॉर्चच्या केबलला एक वळसा देऊन पुन्हा वायर सोडा. वेग मंदावला तर लायनर (केबलमधली वायर जाण्याची नळी) घाण झालाय किंवा मोटर कमजोर आहे.

वेग मोजायला ६ सेकंद वायर सोडा, लांबी मोजा आणि १० ने गुणा; मिनिटाचा वेग मिळतो. बऱ्याच मशीनवर १ ते १० असे नुसतेच आकडे असतात. माझ्या एका मशीनवर ४ ते ५ मध्ये वेग एकदम उडी मारायचा आणि ७ च्या पुढे जवळजवळ बदलायचाच नाही. मोजलं नसतं तर कळलंच नसतं.

आता आर्क. ३ मिमीचा गंज काढलेला पत्रा, ०.८ ची साधी वायर, साधारण १८ व्होल्ट, मिनिटाला ५ मीटर वेग, गॅस मिनिटाला १० ते १२ लिटर. टिपेपासून (टॉर्चच्या टोकाची तांब्याची नळी) वायर १० मिमी बाहेर. (गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर असेल तर टॉर्च बहुतेकदा निगेटिव्हला जोडावी लागते, साध्या वायरला पॉझिटिव्हला.) आवाज एकसारखा तडतडला पाहिजे. वायर टॉर्चला मागे ढकलायला लागली तर वेग जास्त किंवा व्होल्ट कमी. मोठे थेंब पडून वायर टिपेला चिकटायला लागली तर उलट. एका वेळी एकच नॉब फिरवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. इंडक्टन्सचा नॉब असेल तर तो वाढवल्यावर आर्क मऊ होतो, छर्रे कमी उडतात.

मग दहा छोटे टॅक (वेल्डचे ठिपके) मारा. त्यातले किती पहिल्या स्पर्शाला पेटले ते मोजा. मशीनचा स्वभाव लांब बीडपेक्षा (वेल्डच्या सलग रेघेपेक्षा) टॅकमध्ये जास्त उघडा पडतो.

मशीनला नावं ठेवण्याआधी टिप, अर्थ क्लॅम्प आणि बारीक एक्स्टेंशन वायर तपासा. मी एकदा अर्धा दिवस मशीनला शिव्या दिल्या, टिप १.० ची आणि वायर ०.८ ची निघाली.

शेवटी ६ मिमीचे दोन तुकडे टी आकारात धरून एकाच बाजूने वेल्ड मारा, थंड झाल्यावर वेल्ड नसलेल्या बाजूने हातोडा मारून उभा तुकडा वेल्डच्या दिशेने मोडा. देखणी बीड पत्र्यावर नुसती बसलेली असेल तर मुळाशी धातूची मूळ कड तशीच शाबूत दिसेल. अशा मशीनवर त्या जाडीचा जॉब घेऊ नका.