गावाला जाताना अंगणाची आठवण ठेवा

यल्लम्माला सौंदत्तीला जा, आषाढीला पंढरपूरला जा, नाहीतर सुट्टीत चार दिवस कोकणात. कुलूप लावताना आपण दाराकडे बघतो, चोर आधी अंगणाकडे बघतो. बेळगावात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत रोज सकाळी दारात सडा-रांगोळी असते. ती दोन दिवस दिसली नाही, की घर बंद आहे हे अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून शेजारच्या काकूंना सांगून जा: "आमच्या दारातही दोन रेघा ओढा." माझ्या मते, महागड्या कुलपापेक्षा हे जास्त उपयोगी. संध्याकाळी बाहेरचा दिवाही त्यांनाच लावू द्या; रात्रंदिवस जळणारा दिवा उलट चुगली करतो.

पेपर आणि दूध आधीच बंद करा.

परड्यातलं दार विसरू नका. जुन्या कौलारू घरांत पुढचं दार सागवानी आणि मागचं नुसत्या कडीवर, असं मी कितीदा पाहिलंय. तिथे आतून आडणा, म्हणजे दाराला आडवं लाकूड, घाला. शिडी, पहार, कुदळ बाहेर ठेवू नका. चोराला अवजार आपल्याच परड्यात मिळतं. किल्ली कुंडीखाली नको.

दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. बँकेत चोरी झाली, तर वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंत बँकेची जबाबदारी असते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 2022 पासून आहे. तरीही दागिन्यांचे फोटो आणि पावत्या स्वतःजवळ ठेवाच.

जवळच्या पोलिस ठाण्यात तारखा कळवा. प्रवासातले फोटो परतल्यावरच स्टेटसला टाका. आणि परत आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं, तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका. बाहेरूनच 112 फिरवा.