केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि त्यात अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या पेशीही सापडतात. त्यामुळे बऱ्याच औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. केमोची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून हे आठ दिवस पेनाने गोल करून ठेवावेत.

सीबीसीच्या (रक्तातील पेशी मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमधील पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा पाहून भागत नाही. जंतूंशी लढण्याचे मुख्य काम न्यूट्रोफिल्स हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार करतो. एकूण पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल्स २० टक्के असतील, तर हाताशी फक्त ३६० उरतात. ही संख्या ५०० च्या खाली गेली की संसर्गाचा धोका फार वाढतो.

अशा वेळी जखम फारशी लाल होत नाही, पू धरत नाही, कारण ती लक्षणे बरीचशी याच पेशींमुळे दिसतात. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते. तोंडातील तापमान एकदा जरी १०१ अंश फॅरनहाइट भरले, किंवा १००.४ अंश तासभर टिकले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे, कारण पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होणे अपेक्षित असते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये “ऊन लागलं असेल” म्हणून घरचे कांद्याचा रस चोळत बसतात आणि पॅरासिटामॉल देऊन ताप झाकतात. या दिवसांत हे दोन्ही टाळावे. थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ताप नसतानाही निघावे. उपचार बार्शीला आणि घर सोलापुरात असेल, तर मध्यरात्री सुमारे ७० किलोमीटर जाण्याऐवजी शहरात कुठे दाखल व्हायचे, हे केमोच्या पहिल्याच फेरीला (सायकलला) डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. ती चिठ्ठी फाइलच्या अगदी वर असावी.

नळाला रोज पाणी येत नसेल, तर पिण्याचे पाणी उकळून झाकावे आणि ते ओगराळ्याने काढावे. पेला बुडवू नये. कच्च्या फळभाज्या पूर्ण बंद केल्याने संसर्ग टळतो, हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. धुऊन, सोलून, ताजे खाणे महत्त्वाचे आहे. शेंगाचटणी घरी नुकतीच कुटलेली असावी, कुबट वास येणारी टाकून द्यावी. पेशी वाढवण्यासाठी कोणी पपईच्या पानांचा कच्चा रस सुचवला, तरी तो घेऊ नये. दात मऊ ब्रशने घासावेत. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील जत्रेच्या, गर्दीत मात्र त्या आठ दिवसांत जाऊच नये, आणि भेटायला येणाऱ्यांना साबणाने हात धुवायला सांगण्यात संकोच बाळगू नये.

पेशी वाढवण्याचे इंजेक्शन, म्हणजे फिलग्रास्टिम किंवा त्याचा दीर्घकाळ टिकणारा प्रकार, सहसा केमो संपल्यावर किमान २४ तासांनी देतात. त्याने कंबर आणि मांड्यांची हाडे ठणकतात, कारण मज्जा जोरात कामाला लागते. त्यासाठी कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांनाच विचारावे आणि ती घेण्याआधी न चुकता ताप मोजावा.