चौरागड चढायचाय? आधी उतरायची तयारी करा

दर हिवाळ्यात आमच्या इंदूरच्या रामबागेत कुणीतरी विचारतंच, "काकू, पचमढीला चाललोय, चौरागड जमेल ना?" जमेल की. मी तीनदा गेलेय, शेवटची खेप पन्नाशी उलटल्यावर.

पचमढीजवळ, सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातला हा डोंगर साधारण १३०० मीटर उंच, माथ्यावर महादेवाचं देऊळ. याहून उंच धूपगड, १३५२ मीटर, पण तिथं जिप्सी वरपर्यंत नेते. चौरागडाला पायच हवेत. पायथ्याच्या महादेव गुहेपासून एका बाजूचं अंतर साडेतीन-चार किलोमीटर, पायऱ्या तेराशेच्या आसपास. चढताना दम लागतो, बसलं की जातो. गुडघे बोलतात ते उतरताना. म्हणून महिनाभर आधी रविवारी इंदूरजवळची रालामंडलची टेकडी गाठा. होळकरांच्या शिकारगाहपर्यंत चढा आणि खाली येताना घाई न करता पाऊल किंचित आडवं टाकायची सवय लावा.

इंदूरहून रात्रीची जबलपूर ओव्हरनाइट गाडी धरा. पिपरियाला ती भल्या पहाटे, खरं तर अपरात्रीच सोडते, तेव्हा गजर लावून झोपा. पुढं पचमढीपर्यंत पन्नासेक किलोमीटर घाटरस्ता. त्या दिवशी आराम करा, डोंगर दुसऱ्या दिवशी उजाडताच.

पाणी दीड लिटर पुरे. वाटेत शिकंजी मिळते, पण ती लिंबाची हं, आपल्या सराफ्यातली दुधाची नव्हे! खाण्याचं सगळं पिशवीच्या तळाशी. मी शहाणीनं लसणाची शेव बाहेरच्या कप्प्यात ठेवली होती. पाकीट नुसतं कुरकुरलं आणि माकडानं कप्प्याची चेनच उसवली. शेव गेली ती गेली, चष्म्याचं घरही गेलं.

गर्दी नको असेल तर महाशिवरात्र टाळा. मी एकदा मुद्दाम त्याच वेळी गेले. विदर्भातून नवस फेडायला आलेली माणसं, खांद्यावर त्रिशूळ, टोकाला लिंबू खोवलेलं, आणि "हर बोला हर हर महादेव" एका वळणावरून पुढच्या वळणावर जातंय. अमरावतीकडचे एक आजोबा, अनवाणी, स्वतःपेक्षा उंच त्रिशूळ घेऊन माझ्या पुढं. प्रत्येक वळणावर खांदा बदलायचे. मी शिखराकडं बघत थांबले तर म्हणाले, "वर पाहू नोको बाई, पायरी पाह्य." तेव्हापासून मी डोंगर असाच चढते. वर देवळाभोवती अशा त्रिशूळांचा नुसता खच पडलेला असतो.

आणि महादेवजवळची गुप्त महादेवाची गुहा आधी उरकून घ्या. फट इतकी चिंचोळी की अंग आडवं करून सरकावं लागतं. चौरागड उतरल्यावर मांड्या लटलट कापत असतात, तेव्हा तिथं शिरलात तर मागचे लोक खोळंबतात आणि तुम्ही भिंतीला टेकून उभे. माझं पहिल्या खेपेला तेच झालं.